मत्स्यपेटीची उंची व पाण्याचा दाब
अ‍ॅक्रिलिकचे पारदर्शक पत्रे तापवून वाकविता येतात. त्यामुळे मत्स्यपेटीस हवा तो आकार देता येतो. तथापि शिक्षकांनी आकाराआधी उंची ठरवावी. 60 सेंटिमीटर लांब व 30 सेंटिमीटर उंच सरळ भिंतीवर, पेटी काठोकाठ भरल्यास, सुमारे 27 किलोग्रॅम भार पडतो. उंची दुप्पट केल्यास तो 108 किलोग्रॅम, म्हणजे चौपट होतो. पेटीची रुंदी वाढविल्याने या भारात फरक पडत नाही, हे पुष्कळांस प्रथम पटत नाही. अ‍ॅक्रिलिक काचेहून हलके, परंतु अधिक वाकणारे. भिंत फुगली की सांध्यावर ताण येतो. सांधे द्रावकाने जोडतात. त्याची वाफ अपायकारक असल्याने ते काम मुलांकडे देऊ नये. भरलेली पेटी प्रथम काही दिवस वर्गाबाहेर ठेवावी. खाऱ्या पाण्याच्या पेटीसाठी समुद्रातील प्रवाळ मात्र आणू नये. 1972 च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाचे त्यास संरक्षण आहे.