उतारवयात पुन्हा कॅन्सर : उपचाराआधी घरात काय बोलायचं?

खर्रा, तंबाखू आणि बिडीमुळे होणारे तोंडाचे, घशाचे कॅन्सर आपल्या गोंदिया जिल्ह्याला नवे नाहीत. पहिला उपचार झाला, काही वर्षं बरी गेली आणि सत्तरीत रिपोर्ट पुन्हा खराब आला, की मुलगा म्हणतो, "काहीही करून केमो द्यायचीच." नातेवाईक म्हणतात, "या वयात कशाला हाल?" अब्बांना मात्र कुणी विचारत नाही. काही घरांत तर त्यांना आजाराचं नावही सांगितलेलं नसतं.

फक्त वय बघून निर्णय होत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वृद्ध रुग्णांसाठी वेगळी ओपीडी आहे. तिथे चालणं, पडणं, वजन, स्मरणशक्ती, मन, चालू गोळ्या आणि घरचा आधार हे सगळं तपासतात. अमेरिकेत 70 वर्षांवरील 718 रुग्णांचा असाच अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या डॉक्टरांना या तपासणीचा अहवाल आणि सल्ला मिळाला, त्यांच्यात गंभीर दुष्परिणाम 51 टक्के होते. इतरांत 71 टक्के. आयुष्य त्यामुळे घटलं नाही.

जुनी फाइल जपा. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाचा हृदयावर परिणाम होतो, म्हणून त्याची जन्मभराची मर्यादा असते. सिस्प्लॅटिनमुळे किडनी आणि कान बिघडू शकतात. एकदा शेक दिलेल्या जागी पुन्हा तेवढाच शेक देणं अवघड असतं. म्हणून डिस्चार्ज कार्ड, केमोचे डोस आणि बायोप्सीचे ब्लॉक सोबत न्या.

डॉक्टरांना विचारा : या उपचाराने आजार बरा होईल की फक्त आटोक्यात राहील? डोस कमी करून सुरुवात करता येईल का? उपचार घेतला नाही तर पुढे काय? किती फेऱ्या लागतील?

खर्च आणि प्रवास. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कॅन्सर संस्था आहे. आयुष्मान भारतमध्ये 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपला उपचार त्यात बसतो का, हे भरतीआधीच विचारा. रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये कॅन्सर रुग्णाचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो.

दीनची बाजू. इलाज करणं तवक्कुलच्या विरोधात नाही. आजाऱ्याला रोज्यात सवलत आहे. कझा की फिदिया, ते आपल्या आलिमांना विचारा. वेदना कमी करणारा पॅलिएटिव्ह उपचार केमोसोबतही घेता येतो. तो घेतला म्हणजे उम्मीद सोडली, असं नाही.

पुढच्या तारखेआधी एक दिवस इशानंतर अब्बांजवळ, अम्मीजवळ बसा. आजार काय आहे ते नरमाईने सांगा आणि विचारा, "तुम्हाला काय हवंय?" त्यांचं उत्तर कागदावर लिहा आणि तो कागदही फाइलमध्ये ठेवा.