समुद्र स्वस्त आहे, पण का?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मडफर्ड नावाची वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्यावर रंगीत लाकडी खोपटी ओळीने उभी आहेत. आत नळ नाही, संडास नाही. आंघोळीला सगळ्यांच्या न्हाणीघरात जायचं. मुक्काम करायचा तो मार्च ते ऑक्टोबर, हिवाळ्यात तिथे रात्र काढायला मनाई. अशा एका खोपटाला तीन लाख पौंडांहून जास्त किंमत येते. ब्रिटनमधलं सरासरी घर याहून स्वस्त पडतं.

आता दुसरं टोक पाहा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला कॅम्पबेलटाउन आहे. हॅलिफॅक्स बँकेने २०२४ मध्ये किनाऱ्यावरच्या गावांच्या घरकिमतींची यादी काढली, त्यात हे गाव अगदी तळाला होतं. सरासरी घर लाख पौंडांच्या आसपास, म्हणजे मडफर्डचं एक खोपटं विकून इथे तीन घरं! एके काळी या गावात व्हिस्कीच्या तीसच्या वर भट्ट्या होत्या. त्यांतल्या जुन्या तीनच उरल्या. पॉल मॅकार्टनीचं शेतही याच भागात, आणि १९७७ मध्ये गाजलेलं त्याचं ‘मल ऑफ किन्टायर’ हे गाणं याच द्वीपकल्पाचं. मग घरं इतकी स्वस्त का? ग्लासगो सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, पण मध्ये समुद्राचे फाटे घुसलेले. रस्ता त्यांना वळसे घालत दोनशे किलोमीटरांहून लांब होतो आणि गाडीला तीन तासांच्या वर लागतात. नातवंडांनी ‘रविवारी येऊन जातो’ म्हणावं असं हे ठिकाण नव्हे.

ब्रिटनमध्ये म्हातारपणासाठी परवडणारा किनारा शोधायचा तर ‘इथे स्वस्त का?’ हाच प्रश्न प्रत्येक गावाला विचारावा लागतो. गंमत अशी की दर गावाचं उत्तर निराळं निघतं.

वेल्समधल्या फेअरबोर्नचं उत्तर सगळ्यांत धडकी भरवणारं. डोंगर पाठीशी, समुद्र पुढ्यात, गावात इवलीशी वाफेची आगगाडी. वस्ती सुमारे सातशेची. हे गाव समुद्रापासून कायमचं राखणं परवडणार नाही, २०५४ च्या सुमारास ते हलवावं लागेल, असं नियोजन दहाएक वर्षांपूर्वी जाहीर झालं. बातमी फुटताच बँकांनी कर्जं देताना हात आखडला, किमती घसरल्या, आणि गिऱ्हाईक उरलं ते रोख पैसे मोजणारं. गंमत म्हणजे अशी गिऱ्हाइकं येतातही. सत्तरीतला माणूस हिशेब करतो: २०५४ साली मी कुठे असणार आहे?

नॉरफकमध्ये हॅपिसबर्ग आहे. लिहितात लांबलचक, म्हणतात मात्र ‘हेझब्रा’. इथले कडे मऊ मातीचे, दर हिवाळ्यात समुद्र त्यांचा लचका तोडतो. रस्ता गेला, रस्त्यालगतची घरं गेली. याच झिजेमुळे २०१३ मध्ये किनाऱ्यावर माणसांच्या पावलांचे ठसे उघडे पडले, आठ लाख वर्षांहून जुने. आफ्रिकेबाहेर इतके जुने ठसे तोवर सापडलेले नव्हते. अभ्यासकांनी घाईघाईने फोटो आणि मापं घेतली. पंधरवड्यात लाटांनी ते पुसून टाकले. मालमत्तेच्या बाबतीत समुद्र असा निष्पक्षपाती आहे. आणि घर कड्यावरून जाण्याच्या बेतात आलं, तर इंग्लंडमध्ये सरकारी मदत मिळते ती ते पाडायच्या खर्चापुरती, सहा हजार पौंडांपर्यंत. घराची किंमत कोणी भरून देत नाही. स्कारबरोला १९९३ च्या जूनमध्ये तर होलबेक हॉल हे अख्खं हॉटेल भूस्खलनात कड्यावरून ढासळलं. पाहुण्यांना वेळेत बाहेर काढलं होतं. पडझड लोकांनी टीव्हीवर पाहिली. तेव्हा ‘समुद्र अगदी दाराशी’ अशी जाहिरात दिसली, की दार आणि कडा यांमधलं अंतर मोजून घ्या, आणि दहा वर्षांपूर्वी ते किती होतं हेही विचारा.

काही गावं स्वस्त झाली ती आगगाडी गेली म्हणून. रिचर्ड बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालानंतर ब्रिटनने हजारो किलोमीटर रेल्वे उखडली. हन्स्टन्टनची गाडी १९६९ मध्ये बंद पडली, मेबलथॉर्पची १९७० मध्ये. हन्स्टन्टनची एक मौज सांगायलाच हवी: गाव पूर्व किनाऱ्यावरचं, पण तोंड पश्चिमेला, त्यामुळे इथे सूर्य समुद्रात मावळतो. कोकणातल्या माणसाला यात काय नवल वाटणार म्हणा, पण इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हे अप्रूप आहे.

मेबलथॉर्प आणि स्केगनेस यांच्या आसपास घरांइतकीच दिसतात ती ‘स्टॅटिक कॅरव्हॅन’. चाकं नावाला, जागची न हलणारी. किंमत पाहून जीव हरखतो, पण इथे दोन जातींमधला फरक ओळखायला हवा. सुट्टीच्या पार्कातल्या कॅरव्हॅनमध्ये कायमचं राहता येत नाही. वर्षातले काही आठवडे पार्कच बंद असतो, आणि राहायचा दुसरा पत्ता दाखवावा लागतो. ‘पार्क होम’मध्ये बारा महिने राहता येतं, पण जमीन मालकाचीच. तिचं भाडं दरमहा, आणि उद्या घर विकलं तर किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत कमिशन पार्कमालकाच्या खिशात. सही करण्याआधी वकील गाठा.

समुद्रकिनाऱ्यावर समुद्र असेलच असंही नाही! वेस्टन-सुपर-मेअरला भरती-ओहोटीतला फरक जगातल्या मोठ्या फरकांपैकी एक. ओहोटीला पाणी इतकं दूर पळतं, की थट्टेखोर लोक गावाला ‘वेस्टन-सुपर-मड’ म्हणतात. उत्तरेकडच्या ग्रेंज-ओव्हर-सँड्सला खाडीचा प्रवाहच सरकला. समुद्रासाठी बांधलेल्या फिरण्याच्या रस्त्यासमोर आता हिरवं गवत आहे आणि त्यात मेंढ्या चरतात. तरी म्हातारी माणसं तिथे खुशाल आहेत. हवा मवाळ, फुलझाडं भरपूर. माझ्या मते तिथे समुद्राची उणीव पहिल्याच आठवड्यात विसरायला होत असेल.

शेजारपाजार आपल्याच वयाचा हवा असेल, तर नॉर्थ नॉरफकला तोड नाही. २०२१ च्या जनगणनेत तिथला दर तिसरा माणूस पासष्टीपुढचा निघाला, इंग्लंड-वेल्समध्ये सर्वांत जास्त. त्याच्या मागोमाग रदर तालुका, ज्यात बेक्सहिल येतं. बेक्सहिलशी आपलंही दूरचं नातं आहे. कूचबिहारचे महाराज नृपेंद्र नारायण १९११ मध्ये इथेच वारले. त्यांच्या दुसऱ्या चिरंजीवांशी, जितेंद्र यांच्याशी लग्न करायचं म्हणून सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेली सोयरीक मोडली होती. एसेक्समधलं फ्रिंटन तर फारच सोवळं. तिथे पहिला पब उघडला तो २००० साली.

फ्रिंटनपासून थोड्याच मैलांवर जेविक आहे. लंडनच्या कामकऱ्यांनी सुट्टीसाठी १९३० च्या दशकात बांधलेल्या छोट्या घरांची वस्ती. रस्त्यांना मोटारींच्या कंपन्यांची नावं. १९५३ च्या पुराने इथे पस्तिसाच्या वर माणसं नेली. इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित वस्त्यांच्या सरकारी याद्यांत तिचं नाव पुन्हा पुन्हा पहिलं येतं. घर इथे नक्की परवडेल. पण इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी २०२१ चा आपला अहवाल किनाऱ्यावरच्या वस्त्यांनाच वाहिला होता: तिथे आजार जास्त, डॉक्टर आणि नर्स कमी. साठीत घर घेताना लाटा दिसतात की नाही हे पाहिलं जातं, ऐंशीत इस्पितळाची बस दिसते की नाही हे. बसवरून आठवलं, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये बसचा फुकट पास साठीलाच मिळतो. इंग्लंडमध्ये (लंडन सोडून) सरकारी पेन्शनच्या वयापर्यंत थांबावं लागतं. स्कॉटलंडमध्ये पासष्टीनंतर आंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं अशी शुश्रूषाही गरज पाहून विनामूल्य मिळते, २००२ पासून. कॅम्पबेलटाउनचे वळसे आता जरा सरळ दिसू लागतात की नाही?

“एवढं सगळं करण्यापेक्षा गुहागरला का नाही जायचं?” हा प्रश्न ब्रिटनमधल्या मराठी घरात निघतोच. पूर्ण नवी सरकारी पेन्शन २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३०.२५ पौंड होती आणि ती दर वर्षी वाढते. पण भारतात राहायला गेलात की ती आहे त्या आकड्यावर गोठते. युरोपात किंवा अमेरिकेत राहणाऱ्याला वाढ मिळते. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलियात नाही. वीस वर्षं जगलात तर तोच आकडा वीस वर्षं.

गाव कुठलंही निवडा, सीगल ठरलेले. कायद्याने त्यांना संरक्षण आहे, त्यामुळे काठी उगारायचं मनातही आणू नका. ॲबर्डीनमध्ये २००७ मध्ये एक सीगल दुकानात शिरून डोरिटोसची पाकिटं चोचीत धरून पसार व्हायचा. लोक कौतुकाने त्याच्या नावावर पैसे भरू लागले. उपाय मात्र सापडलाय. एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की माणूस रोखून बघत असेल तर सीगलला खाण्यापाशी यायला सरासरी एकवीस सेकंद जास्त लागतात. चिप्सचा पुडा उघडलात की समुद्र नंतर बघा.