भिंतीलाही लागणारा ‘त्साराअत’

बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १३व्या आणि १४व्या अध्यायांत ‘त्साराअत’ नावाचा दोष सांगितला आहे. तो तपासणारा वैद्य नव्हे, याजक. डाग कातडीहून खोल दिसतो का, त्यावरचे केस पांढरे पडलेत का, हे तो पाहायचा. शंका आली तर माणसाला सात दिवस वेगळं ठेवायचा. गंमत म्हणजे सगळं अंगच पांढरं झालं, तर माणूस शुद्ध!

हाच दोष कापडाला, चामड्याला, घराच्या भिंतीलाही लागे. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसले, की याजक यायच्या आत सामानसुमान बाहेर काढायचं, नाहीतर तेही अशुद्ध ठरे. मग दगड उपसायचे, गिलावा खरवडायचा. डाग परतला तर घरच पाडायचं. मला तर ही सरळ बुरशी वाटते. पुढे मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहाने नवरदेवाला तपासणीतून सात दिवसांची सवलतही दिली.

बायबलच्या ग्रीक अनुवादात त्साराअतला ‘लेप्रा’ म्हटलं आणि कालांतराने तो शिक्का कुष्ठरुग्णांच्या माथी बसला. हॅन्सन या डॉक्टरला कुष्ठरोगाचा जंतू सापडला तो १८७३मध्ये. कुष्ठरोगात चट्टा बधिर होतो. लेवीयात बधिरपणाचं नावही नाही. अंगावर असा बधिर चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात दाखवा. औषध मोफत मिळतं.