रद्द झालेला दौरा

2025 च्या 27 ऑगस्टला अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के आयातशुल्क लागू केलं. त्यातला निम्मा भार आपण रशियाचं तेल घेत होतो म्हणून. महिनाभरात, 26 सप्टेंबरला, चंडीगडला हवाई दलातल्या मूळच्या रशियन मिग-21 विमानांना निरोप दिला गेला. या दोन बातम्यांनी मला थेट कराडच्या शाळेत नेऊन सोडलं.

मिगची गोष्ट आमच्या मुलखापासून लांबची नाही. देवराष्ट्र्यात जन्मलेले, कराडला घडलेले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून मे 1964 मध्ये शस्त्रं मागायला अमेरिकेत गेले होते. नेहरू गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली. हवी होती ती विमानं काही मिळाली नाहीत. मग ऑगस्टअखेर ते मॉस्कोला गेले, आणि इकडे नाशिकजवळ ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला. त्याआधीची वर्षं अलिप्ततेच्या परिषदांची आणि भाषणांची. ती मी ओलांडून जातो.

मला आठवतात ती 1971 ते 1977 ही वर्षं. 9 ऑगस्ट 1971 ला सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला, आणि डिसेंबरात बांगलादेश युद्धाच्या वेळी अमेरिकेची ‘एंटरप्राइझ’ युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे निघाल्याचं ऐकून घरातली मोठी माणसं रेडिओपासून हलेनात. पाठोपाठ दुष्काळ आला. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायची. आई भाकरी थापायला बसली की पिठाला चिकटाई नसायची, कडा चिरत जायच्या, आणि ती तेच पीठ पुन्हा गरम पाण्यात मळायला घ्यायची. त्याच घरात माझ्या वह्यांना ‘सोविएत देश’च्या गुळगुळीत पानांची कव्हरं होती. दोन महासत्तांची माझी ओळख एवढीच.

ऑक्टोबर 1974 मध्ये यशवंतरावांकडचं अर्थखातं जाऊन परराष्ट्रखातं आलं. ‘साहेबांना बाजूला सारलं,’ असं पारावर बोललं गेलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आज तर मुळीच पटत नाही. तीन आठवडे व्हायच्या आत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर दिल्लीत आले. 1971 मध्ये पाकिस्तानची पाठराखण करणारे हेच गृहस्थ. त्यांनी दिल्लीतल्या भाषणात भारताची अलिप्तता अमेरिकेला मान्य असल्याचं सांगितलं, आणि भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर सह्या झाल्या.

पुढे चारच महिन्यांनी, फेब्रुवारी 1975 मध्ये, अमेरिकेने पाकिस्तानवरची 1965 पासूनची शस्त्रबंदी उठवली. मार्चमध्ये यशवंतराव वॉशिंग्टनला जाणार होते. ते गेले नाहीत. आरडाओरडा केला नाही, संबंधही तोडले नाहीत. तो दौरा तेवढा रद्द झाला. ऑक्टोबरात मात्र गेले, आयोगाच्या बैठकीला बसले. राग कुठे दाखवायचा आणि बोलणी कुठे सुरू ठेवायची, हे ज्याला कळतं त्याला मी मुत्सद्दी म्हणतो.

मधल्या काळात आणीबाणी आली होती. जगभरातून टीका होत असताना यशवंतराव सरकारात राहिले, गप्प राहिले. त्यांच्यावर जीव असूनही ही गोष्ट मला आजही सलते. घटनेच्या प्रास्ताविकेत ‘समाजवादी’ हा शब्द आला तोही त्याच आणीबाणीत, आणि म्हणून तो शब्द वाचताना मला निर्मळ आनंद कधी झाला नाही.

ऐंशीचं दशक नुसतं सरलं. 1991 मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे 1961 मध्ये जो देश पाहून आले आणि ज्याच्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, तो नकाशावरून गेला. स्वस्तातली रशियन पुस्तकंही हळूहळू दिसेनाशी झाली.

आता महासत्तेचा अध्यक्ष रात्री मोबाईलवर दोन ओळी लिहितो आणि सकाळी आपल्या बाजारात धसका बसतो. सप्टेंबरात सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर बसलेला एक तरुण अडत्या मला विचारत होता, ‘काका, आपल्या बाजूनं तिकडं कोण बोलतंय?’ मी त्याला 1975 च्या मार्चमधला न झालेला दौरा सांगितला. यशवंतराव त्याला ठाऊक होते. प्रीतिसंगमावर भेळ खायला जाताना त्याने त्यांची समाधी पाहिली होती.