प्रत्येक चट्टा गजकर्ण नव्हे, प्रत्येक गाठ क्षयाची नव्हे

अंगावर चट्टा उठला की तो गजकर्णाचा समजून मलम लावावे आणि मानेत गाठ आली की गंडमाळ समजून लेप द्यावा, ही आपल्या ग्रामीण भागातील जुनी रीत आहे. पुष्कळ वेळा तो तर्क खराही ठरतो. परंतु क्वचित प्रसंगी अशाच साध्या दिसणाऱ्या लक्षणांआड टी-पेशींचा लिम्फोमा हा दुर्मिळ कर्करोग दडलेला असतो. दुर्मिळ असला तरी त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. कारण चुकीच्या निदानात गेलेला काळ रोग्याला परत मिळत नाही.

रोगाचे स्वरूप

रक्तात व लसिकाग्रंथींत असणाऱ्या लसिकापेशी रोगजंतूंपासून शरीराचे रक्षण करतात. त्यांपैकी काही छातीतील थायमस ग्रंथीत परिपक्व होतात, म्हणून त्यांस टी-पेशी म्हणतात. अशी एखादी पेशी बिघडून तिची अनिर्बंध वाढ सुरू झाली म्हणजे हा रोग उद्भवतो. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार होय. लसिकापेशींचे बहुतेक कर्करोग बी-पेशींचे असतात. टी-पेशींचा वाटा अल्प आहे. त्यातही अनेक उपप्रकार असून कोणी कातडीत, कोणी गाठींत, तर कोणी नाकाच्या पोकळीत प्रकट होतो.

कातडीतील सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे मायकोसिस फंगॉइडिस. पॅरिस येथील वैद्य आलिबेर यांनी १८०६ साली त्याचे वर्णन केले. वाढलेल्या गाठी अळंब्यांसारख्या दिसतात, यावरून हे नाव पडले. बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. कंबर, नितंब, मांड्या अशा वस्त्राखालील भागांवर चट्टे उठतात, खाज सुटते, आणि वर्षानुवर्षे हीच स्थिती राहू शकते. काहींच्या बाबतीत पुढे चट्टे जाड होतात व गाठी येतात. सावळ्या वर्णाच्या व्यक्तींत, विशेषतः मुलांत व तरुणांत, हे चट्टे फिकट पांढुरके असू शकतात आणि कोड किंवा कुष्ठरोग समजले जातात. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श समजत नाही. या रोगात तो सामान्यतः समजतो. तथापि एवढ्यावरून कोणी घरी निर्णय करू नये. कुष्ठरोगही शासकीय आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या मोफत औषधांनी बरा होतो. म्हणून चट्टा कोणताही असो, तो दाखविण्यातच हित आहे.

निदानाची वाट

या रोगाचे निश्चित निदान केवळ पाहून होत नाही. कातडीचा लहानसा तुकडा, जागा बधिर करून काढला जातो व सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. आरंभीच्या अवस्थेत एका तपासणीत उलगडा न झाल्यास काही काळाने पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. रोग्याने त्यास कंटाळू नये. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमामुळे रोगाच्या खुणा झाकल्या जातात. म्हणून लावलेल्या प्रत्येक मलमाची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी.

गाठीच्या बाबतीत सुईने काढलेल्या पेशींवरून केवळ अंदाज येतो. उपप्रकार ठरविण्यासाठी शक्य तेथे संपूर्ण गाठ काढून तपासणे इष्ट असते. त्यानंतर पेशींवरील विशिष्ट प्रथिनांच्या खुणा पाहिल्या जातात. जरूर तर जनुकांचीही तपासणी होते. निरोगी टी-पेशींच्या जनुकांत नाना तऱ्हा आढळतात; रोगट पेशी एकाच पेशीची संतती असल्याने त्या सर्वांवर एकच छाप दिसते.

गाठीला सुरी लागली की रोग पसरतो, हा समज निराधार आहे. उलट, न तपासताच क्षयाची औषधे सुरू केल्यास महिने वाया जातात. मात्र तपासणीअंती क्षयच ठरला, तर औषधांची मुदत पूर्ण केलीच पाहिजे.

उपचार

कातडीपुरत्या मर्यादित रोगावर लेप, नियंत्रित अतिनील किरण अथवा किरणोत्सर्गाचे उपचार केले जातात. आरंभीच्या अवस्थेतील बहुसंख्य रोगी दीर्घायुष्य जगतात. सोरालेन हे द्रव्य देऊन अतिनील किरणांचा उपचार केल्याचे निष्कर्ष १९७६ साली प्रसिद्ध झाले. सोरालेन आपल्या बावचीच्या बियांतही असते. परंतु म्हणून घरी बावची लावून उन्हात बसू नये; त्याने कातडी भाजते.

गाठींतील वेगाने वाढणाऱ्या प्रकारांवर शिरेतून औषधे द्यावी लागतात. चार औषधांचा एक संच सामान्यतः तीन आठवड्यांच्या अंतराने दिला जातो. त्यातील व्हिन्क्रिस्टिन हे औषध मूळचे अंगणातील सदाफुलीतून मिळालेले आहे. मात्र सदाफुलीचा काढा हा उपचार नव्हे, तो घातक ठरू शकतो. ज्यांच्या पेशींवर सीडी-३० ही खूण असते, अशांसाठी ब्रेन्टुक्सिमॅब हे औषध इतर औषधांसह देण्यास अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. यावरूनच नेमक्या निदानाचे महत्त्व ध्यानी येईल: खूण तपासलीच नाही, तर औषध कोणास द्यावे हे कळणार कसे? काही प्रकार अद्याप दुर्धर आहेत, हेही सांगणे प्राप्त आहे.

हा कर्करोग शेजारी बसल्याने किंवा एकत्र जेवल्याने होत नाही. रोग्यास वाळीत टाकणे हा अन्याय होय.

कोठे जावे?

दोन-तीन महिने उपचार करूनही न जाणारा चट्टा, तीन-चार आठवड्यांत न ओसरणारी गाठ, कारणाविना येणारा ताप, रात्रीचा घाम अथवा घटणारे वजन यांपैकी काहीही आढळल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. गोव्यातील रोग्यांस तेथून बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठविले जाते. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे. जाताना जुने कागद आणि तपासलेल्या तुकड्याच्या काचा सोबत न्याव्यात, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करण्याचा प्रसंग बहुधा टळतो.

शिक्षकांनी मुलांच्या अंगावरील जुनाट चट्ट्यांकडे लक्ष द्यावे आणि पालकांस एकांतात, न घाबरविता सांगावे. ग्रामसेवक व पंचायत सदस्यांनी दूरच्या वाड्यांवरील रोगी दवाखान्यापर्यंत पोहोचतो की नाही हे पाहावे. औषधयोजना डॉक्टरांनी करावयाची आहे. परंतु रोगी त्यांच्यापर्यंत वेळेवर नेणे हे गावाचेच काम आहे.