तिसरं नाव

हर्मान बाउमान २९ डिसेंबर २०२३ रोजी गेले, वयाच्या ८९व्या वर्षी. हॉर्न या वाद्यावर ज्यांचं प्रेम आहे अशा मोजक्या लोकांनी त्या आठवड्यात त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं शोधायला घेतली आणि पुन्हा एकदा त्याच भिंतीवर डोकं आपटलं. गाण्यांच्या ॲपवर ब्राम्सचा हॉर्न ट्रिओ शोधावा, तर आधी व्हायोलिनवाल्याचं नाव येतं, मग पियानोवाल्याचं. ज्याच्या वाद्यावरून त्या रचनेचं नाव पडलं, तो कलावंत तिसरा. पडद्यावर जागा कमी असली तर तोही नाही.

हे दुखणं ॲपच्या आधीचं आहे. १८६५ साली ब्राम्सने लिहिलेला हा ट्रिओ वाजायला साधारण अर्धा तास घेतो. अर्ध्या तासात एलपीची एकच बाजू भरते. दुसऱ्या बाजूला काहीतरी टाकावं लागतं, आणि ते काहीतरी खपणारं असावं लागतं. म्हणून व्हायोलिन सोनाटा. १९६८ साली डेकासाठी इत्झाक पर्लमन, व्लादिमीर आश्केनाझी आणि बॅरी टकवेल यांनी हा ट्रिओ वाजवला, तेव्हा जोडीला सेझार फ्रांकचा सोनाटा होता. लोकांनी ती रेकॉर्ड घेतली ती पर्लमनसाठी. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रात १९५५ ते १९६८ पहिला हॉर्न सांभाळणारा टकवेल हा त्या खरेदीत फुकट मिळालेला पाहुणा. ब्राम्सच्या प्रकाशकानेही वेगळं काय केलं होतं? हॉर्न नसेल तर चेलो चालेल, अशी सोय त्याने आधीच करून ठेवली होती.

या कथेची सुरुवात मात्र झकास आहे. नोव्हेंबर १९३३, लंडन. त्या वर्षीच्या एप्रिलपासून नाझी जर्मनीत वाजवायला नकार दिलेला व्हायोलिनवादक अडॉल्फ बुश, त्याचा ज्यू पियानोवादक साथीदार रुडॉल्फ सर्किन आणि बीबीसी सिम्फनीतला हॉर्नवादक ऑब्री ब्रेन एचएमव्हीसाठी एकत्र आले. ७८च्या तबकड्यांचा जमाना. एका बाजूला चार-साडेचार मिनिटं, आणि सूर फुटला तर ती अख्खी बाजू पहिल्यापासून. ऑब्रीचा हॉर्न अरुंद नळीचा, फ्रेंच पिस्टनचा. आवाज बारीक, पण कडेला धार. संथ भागात तो व्हायोलिनच्या मागे जात नाही, शेजारी उभा राहतो. सर्किनने १९६० साली हाच ट्रिओ मायरन ब्लूम आणि मायकेल ट्री यांच्याबरोबर पुन्हा मुद्रित केला. ब्लूमचा आवाज भरदार, तोल सांभाळलेला. दोन्ही ऐकून पुन्हा १९३३कडे वळणारे कमी नाहीत, आणि ते निव्वळ जुन्याचे भक्त आहेत असंही नाही.

ऑब्रीचा हॉर्नवादक मुलगा डेनिस याच्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की भर घालण्यात अर्थ नाही. गाड्यांचं वेड, वादकांच्या स्टँडवर मोटारींची मासिकं, १९५६च्या हॉफ्नुंग मैफिलीत बागेच्या पाइपवर वाजवलेला लिओपोल्ड मोझार्ट, आणि १ सप्टेंबर १९५७ला एडिंबराहून परतताना झालेला अपघात, वय ३६. कान देऊन ऐकावं ते १९५५चं मुद्रण: वॉल्टर गीसेकिंगबरोबर मोझार्टचा पियानो आणि चार फुंकवाद्यांचा क्विंटेट. तिथे डेनिस स्वतःला पुढे रेटत नाही, आणि तरी बाकीचे तीन फुंकवादक श्वास कुठे घ्यायचा हे त्याच्याकडे बघून ठरवताहेत असं वाटतं.

साठचं दशक सोडून दिलं तरी चालेल. स्टिरिओ आला, आवाज स्वच्छ झाला, सगळेच नीट वाजवू लागले.

खरी धमाल पुढच्या दहा-बारा वर्षांत झाली आणि ती बाउमाननी केली. हॅम्बर्गचा हा माणूस तरुणपणी गायचा, जाझमध्ये ड्रम वाजवायचा. हॉर्न हातात आला तो सतराव्या वर्षी. १९६४ साली म्युनिकची एआरडी स्पर्धा जिंकली. आणि मग सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात निकोलाउस हार्नोनकुर्टच्या कोन्चेन्टुस मुझिकुसबरोबर त्यांनी मोझार्टचे कन्चेर्टो व्हॉल्व्ह नसलेल्या हॉर्नवर वाजवले. असा हॉर्न म्हणजे नुसती गुंडाळलेली लांब नळी. ओठांच्या ताणावर तिच्यातून ठरावीकच सूर निघतात. मधले सूर काढायचे तर भोंग्यात उजवा हात कमी-जास्त सारायचा. उघडा सूर लख्ख, हाताने दाबलेला सूर झाकोळलेला. एका ओळीत दोन्ही येणार, म्हणजे ओळीलाच उजेड-सावली.

तेव्हा नाकं मुरडणारे भरपूर होते. व्हॉल्व्हचा शोध लागून दीडशे वर्षं झाली, मग हे संग्रहालयातलं लोखंड कशाला, हा त्यांचा सवाल. त्यांनी ब्राम्सची प्रत उघडली असती तर उत्तर मिळालं असतं. ब्राम्सचे वडील हॅम्बर्गमध्ये हॉर्न आणि डबल बास वाजवत; व्हॉल्व्ह असलेले हॉर्न सर्रास मिळत असतानाही मुलाने ट्रिओ लिहिला तो साध्या हॉर्नसाठी. आई फेब्रुवारी १८६५मध्ये गेली होती. तिच्या शोकातला तिसरा भाग ई फ्लॅट मायनरमध्ये आहे, आणि ई फ्लॅटच्या साध्या हॉर्नवर त्यातले कितीतरी सूर हात घातल्याशिवाय निघतच नाहीत. ते घुसमटणं व्हॉल्व्हच्या हॉर्नवर आणायचं तर अभिनय करावा लागतो. लोवेल ग्रीअरने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्टेफनी चेस आणि स्टीव्हन लुबिन यांच्याबरोबर हा ट्रिओ साध्या हॉर्नवर मुद्रित केला, तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांपैकी कितीजण आपलं मत बदलल्याचं कबूल करायला पुढे आले, हे विचारण्यात अर्थ नाही.

७ ऑगस्ट १९८२ला हॅम्बर्गच्या बेर्गेडोर्फ भागात बाउमान, व्हायोलिनवादक साश्को गाव्रिलोफ आणि पियानोवादक एकार्ट बेश यांनी ग्यॉर्गी लिगेटीचा नवा हॉर्न ट्रिओ पहिल्यांदा वाजवला. ब्राम्सच्या ट्रिओला मैफिलीत जोडीदार मिळावा ही कल्पना बेशची. लिगेटीने उपशीर्षकात ब्राम्सला मानवंदना दिली, पण सुरुवातीलाच बेथोव्हनच्या निरोपाच्या सोनाटातली हॉर्नची हाक वाकडी करून ठेवली. हॉर्नकडून त्याने मुद्दाम निसर्गदत्त सूर मागितले, पियानोच्या पट्टीत न बसणारे. पियानो एका पट्टीत, हॉर्न दुसऱ्या, आणि व्हायोलिन दोघांच्या मध्ये वाट काढणारं. आधुनिकतेच्या कट्टर पहारेकऱ्यांना हे रुचलं नाही: लिगेटी मागे फिरला, सुरावटीला शरण गेला. त्या पहारेकऱ्यांच्या स्वतःच्या रचना आज कोण वाजवतं हा खोडसाळ प्रश्न आहे, पण तो विचारायला हवा. बाउमान, गाव्रिलोफ आणि बेश यांचं वेर्गोवरचं मुद्रण आजही अंगावर येतं. पुढे गाव्रिलोफ, मारी-लुइझ नॉयनेकर आणि पिएर-लोरां एमार यांनी सोनीसाठी केलेलं मुद्रण जास्त नेमकं आहे; भीती मात्र पहिल्यात आहे.

त्याच दहा-बारा वर्षांत, कुणी फारसं लक्ष देत नसताना, एक मोठी गोष्ट हातची गेली. तोवर डोळे मिटून ऐकलं तरी हॉर्न कुठल्या गावचा ते कळे. पॅरिसचा ल्युसियां तेवे वाजवताना सूर थरथरत असे, लेनिनग्राडचा विताली बुयानोव्स्की गाणाऱ्यासारखा लांब दम घेई, आणि व्हिएन्नात एफचा एकेरी हॉर्न, त्याचे खास पंप-व्हॉल्व्ह, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर सांडल्यासारखं जाणं. १९५८ साली व्हिएन्ना ऑक्टेटने डेकासाठी केलेला शूबर्टचा ऑक्टेट ऐकावा. योसेफ वेलेबाचा हॉर्न त्या गावचा पत्ता सांगतो. आपल्याकडे घराणी सरमिसळ झाली तेव्हा निदान भांडणं तरी झाली. तिथे फ्रेंचांनी सत्तरच्या दशकात आपला पिस्टनचा हॉर्न आणि थरथर मुकाट्याने खाली ठेवली आणि जर्मन डबल हॉर्न उचलला. व्हिएन्ना तेवढं हट्टाने टिकून आहे.

सीडीने हॉर्नवादकाच्या कामाला आधी हातभारच लावला. चौऱ्याहत्तर मिनिटांत दोन ट्रिओ एकत्र बसू लागले, आणि काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभ्याने पुस्तिका वाचून हॉर्नवादकाचं नाव पाठ करणारी मुंबईकर मंडळी खूश होती. ते दुकान २०१६ साली बंद झालं. पण सीडीबरोबर संपादनाची हावही आली. फुटलेला सूर कापून तिथे दुसऱ्या टेकमधला बसवायचा, मग त्याच्या शेजारचाही. वरच्या पट्टीत हॉर्नचे सूर एकमेकांना इतके चिकटून असतात की ओठ जरा ढळला की दुसराच सूर लागतो, आणि तो धोका ऐकणाऱ्याच्याही पोटात गोळा आणत असे. आजची अनेक मुद्रणं ऐकताना पोटाला काहीच होत नाही.

अपवाद आहेत. अ‍ॅलेक फ्रँक-गेमिलने बिस या कंपनीसाठी वेगवेगळ्या काळातले चार हॉर्न घेऊन केलेली तबकडी हा एक. टॉइनिस फान डेर झ्वार्टने इझाबेल फाउस्ट आणि अलेक्झांडर मेल्निकोव यांच्याबरोबर हार्मोनिया मुंडीसाठी साध्या हॉर्नवर वाजवलेला ब्राम्स हा दुसरा. तिसऱ्या भागात त्याचे दाबलेले सूर ऐकताना १८६५चा फेब्रुवारी समजतो. त्या सीडीत ट्रिओच्या सोबतीला काय आहे? ब्राम्सचा व्हायोलिन सोनाटा, आणि पियानोच्या सात रचना. म्हणजे फाउस्टला तिचं एकटीचं काम, मेल्निकोवला त्याचं, आणि फान डेर झ्वार्टला पुन्हा तोच अर्धा तास.