जनसुनावणीच्या आधीची बैठक

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, लिलावाच्या नोटिसा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, एक बारीक टाइपातली चौकट येते. अमुक गावाच्या हद्दीत अमुक क्षमतेचा प्रकल्प, पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी अमुक तारखेला सकाळी ११ वाजता, सर्वांनी उपस्थित राहावे. गावात ते पान वाचणारे थोडे. कोणीतरी मुंबईहून त्याचा फोटो काढून मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतो, तेव्हा कुठे धावपळ सुरू होते. तोवर आठ-दहा दिवस गेलेले असतात.

कोकणात खाडीकाठी राहणाऱ्या आपल्या वाचकांना हा प्रसंग नवा नाही. औष्णिक वीज, रसायन कारखाना, बंदर, खाण, काहीही असो, कधी ना कधी ही चौकट आपल्या गावाच्या नावाने छापली जाते. मग सुनावणीच्या दिवशी मांडव, पोलीस, माईक, घोषणा, आणि संध्याकाळी घरी येऊन एकच प्रश्न: "आपलं म्हणणं कुणी लिहून घेतलं का?"

ते लिहून घेतले जाते की नाही, हे सुनावणीच्या दिवशी फारसे ठरत नाही. ते त्याआधीच्या ३० दिवसांत ठरते.

हा ३० दिवसांचा आकडा कायद्यातला आहे. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २००६ रोजी जी अधिसूचना काढली, तिच्यानुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि त्यातल्या बऱ्याच प्रकल्पांसाठी जनसुनावणी बंधनकारक आहे. (सगळ्यांसाठी नाही. इमारतींची बांधकामे, आधीच मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीतले प्रकल्प अशा काहींना सूट आहे.) सुनावणी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या खाली नसलेला अधिकारी असतो. लोकांना निदान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण होते. आणि एक नियम मुद्दाम लक्षात ठेवावा: या सभेला गणसंख्येची अट नाही. पन्नास माणसे आली तरी सुनावणी झाली, पाच आली तरी झाली. बहिष्कार टाकून घरी बसणाऱ्यांनी हे आधी समजून घेतलेले बरे.

दुसरी गोष्ट, सुनावणी म्हणजे मतदान नाही. "प्रकल्प नको" असे दोनशे जणांनी ओरडून सांगितले तर इतिवृत्तात एक ओळ येते: ग्रामस्थांनी तीव्र विरोध दर्शवला. तो विरोध नोंदवू नये असे मी म्हणत नाही, जरूर नोंदवावा. पण "सांडपाण्याचा पाइप जिथे सोडणार तिथून खाली आमच्या बायका शिंपल्या काढतात, ती जागा अहवालाच्या नकाशात नाही" असे एका बाईने सांगितले, तर त्या मुद्द्याला प्रकल्पवाल्यांना उत्तर द्यावे लागते. लोकांनी मांडलेले मुद्दे आणि त्यांवरची कंपनीची उत्तरे यांचे निवेदन इतिवृत्ताला जोडले जाते. अंतिम अहवालात आणि पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात त्याप्रमाणे बदल करायचे असतात. म्हणजे मुद्दा जितका नेमका, तितका तो टाळायला अवघड. आणि नेमके मुद्दे माईक हातात आल्यावर सुचत नाहीत. त्यासाठी गावाची स्वतःची बैठक आधी व्हायला हवी, तीही नीट आखून.

सुरुवात अहवालापासून. पर्यावरण आघात मूल्यांकनाचा मसुदा, ज्याला सगळे ईआयए म्हणतात, तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, स्थानिक संस्था, मंडळाचे कार्यालय इथे पाहायला ठेवलेला असतो. त्याचा सारांश मराठीत देणे बंधनकारक आहे. मुख्य अहवाल मात्र बहुतेक इंग्रजीत आणि शेकडो पानांचा. एकट्याने तो वाचायला बसू नये. बारावी-पदवीच्या पाच-सहा मुलामुलींना एकेक प्रकरण वाटून द्यावे. पाण्याचे एकीने, हवेचे दुसऱ्याने, वाहतुकीचे तिसऱ्याने. ज्या मुलांना आपण दिवसभर मोबाइलवर असतात म्हणून बोलतो, ती हे काम दोन संध्याकाळी उरकतात.

वाचताना काय पाहायचे? पहिले, पाहणी कोणत्या महिन्यांत केली. बहुतेक अहवालांतली माहिती एका हंगामाची, पावसाळा सोडून तीन महिन्यांची असते. आता खाडीचे निम्मे जीवन पावसाळ्यात. मासळीच्या विणीचा काळ म्हणून राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि नेमके तेच महिने अहवालात नाहीत! नदीला पूर आला की पाणी कुठवर चढते, हेही डिसेंबरात मोजून कळत नाही. दुसरे, प्रकल्पाभोवती साधारण १० किलोमीटरच्या टापूचा अभ्यास केलेला असतो. त्या नकाशात आपली विहीर, कब्रस्तान, शाळा, खारफुटी, होड्या लावायचा धक्का दिसतो का? तिसरे, आराखड्यातल्या प्रत्येक उपायासमोर पैसे आणि जबाबदार माणूस लिहिला आहे का? "योग्य ती काळजी घेतली जाईल" या वाक्याला काही किंमत नाही.

सारांशाच्या मराठीबद्दल थोडे बोललेच पाहिजे. 'सागरी परिसंस्थेवर नगण्य स्वरूपाचा आघात संभवतो' हे वाक्य मराठीतच आहे, पण आपल्या घरात ते कोणाला कळेल? त्याचा अर्थ "मासळीला फारसं काही होणार नाही, असं कंपनी म्हणते" असा आपल्या बोलीत सांगणारी व्यक्ती बैठकीत हवी. भाषेचा हा प्रश्न गावापुरता नाही. २०२० साली केंद्राने याच अधिसूचनेचा नवा मसुदा काढला, त्यात सूचनेचे ३० दिवस २० वर आणण्याचा प्रस्ताव होता. लोकांनी हरकती घ्यायच्या तर मसुदा त्यांच्या भाषेत हवा, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाला त्याचा अनुवाद आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत करण्याचा आदेश द्यावा लागला. पश्चिम घाटाचेही तसेच. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. आखलेली क्षेत्रे अंतिम नाहीत, त्यांवर ग्रामसभांत चर्चा व्हावी असे समितीचे म्हणणे होते. अहवाल लोकांसमोर आला मे २०१२ मध्ये, तोही इंग्रजीत. मधल्या काळात आणि नंतरही गावोगाव पोचल्या त्या अफवाच: घर बांधता येणार नाही, झाड तोडता येणार नाही. अहवाल वाचण्याआधीच लोकांची मते पक्की झाली.

मग बैठकीला बोलवायचे कोणाला? आपली सवय अशी की सरपंच, जमातीचे अध्यक्ष, दोन निवृत्त गुरुजी आणि पक्षाचे कार्यकर्ते बसले की "गाव बसले" असे आपण म्हणतो. यादी पदावरून करू नये, झळ कोणाला बसणार यावरून करावी. पागेरे, डोलवाले, आंबा बागायतदार, कलमे राखणारे, रेतीवर आणि ट्रकवर पोट असणारे, विहिरीवरून पाणी भरणाऱ्या बायका, रस्त्यालगतच्या शाळेतले शिक्षक. यात जातीधर्माचा हिशोब नसतो. दालदी असो की भंडारी असो की कोळी, खाडी एकच. शेजारच्या वाडीला वगळून मोहल्ल्याने वेगळी बैठक घेतली तर सुनावणीत दोन्हींचे वजन कमी होते.

वेळही नीट पाहावी. खाडीतल्या बायका ओहोटीच्या वेळी शिंपल्या, कालवे काढायला जातात. बैठक ओहोटीला ठेवली म्हणजे त्यांना दारे बंद. उधाणाच्या दिवसांत ओहोटी मोठी असते, तेव्हा तर कोणी फिरकणारच नाही. शुक्रवारी दुपार नको, बाजाराचा दिवस नको. इशाच्या नमाजनंतरची वेळ पुरुषांना सोयीची, पण लहान मुले असलेल्या आईला ती अवघड. म्हणून एक बैठक पुरेशी नसते. बायकांची वेगळी बैठक दुपारी, कोणाच्या तरी पडवीत घ्यावी आणि तिथले मुद्दे मोठ्या बैठकीत त्यांच्यापैकीच एकीने मांडावेत. माझ्या पाहण्यात असे आले आहे की पाण्याबद्दलची सर्वात नेमकी माहिती पडवीतल्या बैठकीत निघते: कोणती विहीर एप्रिलात आटते, कोणत्या विहिरीचे पाणी मचूळ होत चालले आहे. पुरुषांना बरेचदा हे माहीतच नसते.

आणि आपल्याकडचा खास प्रश्न, आखातातली माणसे. सातबाऱ्यावर नाव ज्याचे, तो कुवेतला किंवा दोह्याला. त्याचे म्हणणे कोण मांडणार? लेखी हरकत सुनावणीला हजर न राहताही मंडळाकडे पाठवता येते. तेव्हा बैठकीचा दिवस ठरवताना आखातातल्या सुट्टीच्या दिवसाचा विचार करून व्हिडिओ कॉल जोडून घ्यावा आणि त्याची हरकत त्याच्याच नावाने जावी.

बैठक चालवणार कोण, हा सर्वात नाजूक भाग. सरपंच नको, कारण त्यांना उद्या सरकारकडेच काम असते. जमिनीच्या व्यवहारात हात असलेला नको. ज्याने आधीच बाजू घेतली आहे तो, कितीही प्रामाणिक असला तरी, नको. तालुक्याच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षिका, निवृत्त पोस्टमास्तर, शेजारच्या गावातले कोणी सर्वांना चालणारे असे पाहावे. त्यांचे काम स्वतःचे मत देणे नाही. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे मिळतात का, मोठ्या आवाजाचा माणूस दुसऱ्यांदा बोलण्याआधी न बोललेला बोलतो का, आणि बोललेले भिंतीवरच्या कागदावर सर्वांना दिसेल असे लिहिले जाते का, एवढेच पाहायचे.

कारण मतभेद असणारच. बागायतदाराला राखेची भीती, त्याच्याच पुतण्याला नोकरीची आशा. एक भाऊ जमीन विकायला तयार, दुसरा नाही. प्रकल्प हवा म्हणणाऱ्यांना बैठकीतून हुसकावले की ते सुनावणीत कंपनीच्या बाजूच्या खुर्चीवर दिसतात. त्यांना बसवून एकच प्रश्न विचारावा: प्रकल्प आलाच, तर कोणत्या अटी नसतील तर तुम्हालाही तो नको? आश्चर्य वाटेल इतक्या गोष्टींवर दोन्ही बाजू एक होतात. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी ट्रक बंद, हे कोणाला नको असते?

अशी आखलेली चर्चा देशपातळीवरही झालेली आहे. दक्षिण आफ्रिकेत २००६ साली मंत्रिमंडळाने हवामान बदलाला कारण ठरणारे वायू कसे कमी करायचे यावर एक प्रक्रिया सुरू केली. त्या देशाची वीज बहुतांशी कोळशावर, त्यामुळे वीज कंपनी, कारखानदार, सरकारी खाती आणि पर्यावरणवाले यांच्या तोंडाला तोंड लागणारच. तिथे सर्वांना एका टेबलाशी बसवून एका त्रयस्थ सूत्रधाराने चर्चा चालवली. हिशोबाचे काम केप टाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी केले. गणिते करण्याआधी, त्यात कोणते आकडे घालायचे यावर त्यांनी सर्वांची संमती घेतली. उत्तर आल्यावर "तुमचे आकडेच चुकीचे" असे म्हणायला फारशी जागा उरली नाही. २००८ च्या मध्याला निष्कर्ष मंत्रिमंडळापुढे गेले.

आपल्या बैठकीला यातून घेण्यासारखे हेच, की आधी माहिती एक करावी. जमिनीवर खडूने गावाचा नकाशा काढावा आणि त्यावर विहिरी, धक्का, शिंपल्यांची जागा, पुराची रेघ, दम्याचे रुग्ण असलेली घरे सर्वांनी मिळून दाखवावीत. भांडण त्यानंतर.

मागण्या लिहितानाही क्रम असू द्यावा. आधी टाळता येते का: पाइपाचे तोंड दुसरीकडे नेता येईल का? टाळता येत नसेल तर कमी करता येते का: कोळशाचे ढीग झाकून, सांडपाणी पुन्हा वापरून? मग झालेले भरून काढणे: खारफुटी लावणे, विहीर साफ करणे. नुकसानभरपाईचा नंबर शेवटचा. कंपन्यांना भरपाईपासून बोलायला आवडते, कारण ते सर्वात स्वस्त पडते, आणि समाजमंदिराचा किंवा शादीखान्याचा स्लॅब टाकून मिळणार म्हटल्यावर आपल्यातलेही काही जण पाइपाचे तोंड विसरतात.

सुनावणीच्या दिवशी मुद्दे वाटून घ्यावेत, एकाने एकच मांडावा. प्रत्येक मुद्दा लेखीही द्यावा, दोन प्रती कराव्यात आणि एकीवर पोच घ्यावी. जेवणाची वेळ झाली म्हणून उठू नये. शेवटी कामकाजाचा सारांश मराठीत वाचून दाखवायचा असतो आणि अध्यक्षांनी त्याच दिवशी इतिवृत्तावर सही करायची असते. शिंपल्यांची जागा सारांशात आली नाही, तर ती तिथेच, कॅमेऱ्यासमोर, सांगायची वेळ हीच.

पुढे मंजुरी मिळाली तर तिच्यातल्या अटी पाहाव्यात. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्यासाठी पुण्याच्या खंडपीठाकडे, ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो, आणि तो कोणालाही पाहता येतो. बैठकीत ज्या मुलीने पाण्याचे प्रकरण वाचले होते, तिच्याकडेच ते काम सोपवावे. १ जूनला शाळा-कॉलेज बंदच असते.